ओट्यावरचा गोळा

आमचे बुढे फौजेत होते म्हणलं का लोकायच्या डोळ्यापुढं बंदूक येते. बंदूक कुठची बापा! सारी जवानी लंगरात पोळ्या लाटण्यात गेली त्यायची. बर्फ असो का वाळवंट, पलटण जिथं, तिथं ह्यायची भट्टी. रिटायर होऊन गावात आले तं टिंगलखोर विचारत, "तानबाजी, दुश्मनाले काय बेलन फेकून मारलं?" हे नुसते हसत. मले मात्र अंगाची आग होये. मी सुनावत होती, "उपाशी पोटी कोणाची बंदूक चालली रे मेल्या?"

गेल्या सव्वीस जानेवारीले आमचा सरपंच कैलास याच्या मनात आलं, गावातल्या माजी सैनिकाचा सत्कार कराचा. माजी सैनिक गावात एकच, आमचे. पोट्ट्यायनं शाळेपुढं ओटा बांधला अन् त्याच्यावर तोफेचा गोळा उभा केला. हातभर उंच, वर निमुळता. हायवेवरच्या भंगारवाल्यानं कुठल्या दूरच्या मुलुखातून ट्रकात आणलेला. त्याले तिरंग्याचा रंग मारला. शोभाही चांगली आली, खोटं काऊन बोलू?

आता आमच्याकडं एक खोड हाय. ओट्यावर काही उभं केलं का त्याले शेंदूर लागलाच समजा. आदल्या संध्याकाळीच कोणी हळदीकुंकू वाह्यलं, कोणी उदबत्ती खोचली. जिजाबाईचा पोरगा भरतीसाठी धावून राह्यला होता. तिनं नवस बोलून त्या गोळ्याच्या टोकावर नारळ फोडला. टण्णकन आवाज आला. मंग काय, एकीचं पाहून दुसरी! सव्वीसच्या सकाळी बायकायची रांगच लागली.

हे तवा लेकीकडं सिंदी मेघेले गेलते. त्या सकाळी परस्पर शाळेत आले, कोट घालून, मेडल लावून. ओटा पाह्यला अन् जागच्या जागी थांबले. बुढ्याचं तोंड असं पांढरं पडलेलं मी कधी पाह्यलं नव्हतं.

"कैलास, हा रिकामा हाय का भरलेला?"

"रिकामाच असंल जी. भंगारातला हाय."

"असंल म्हणू नको. हाय का नाई ते सांग."

कैलास चिडला. "तानबाजी, तुमी तं सैपाकात होते. तुमाले त्यातलं काय समजते?"

"मले काहीच समजत नाई. म्हणूनच म्हणून राह्यलो, पोट्टे मांगं घ्या."

तेवढ्यात जिजाबाईनं पुन्हा नारळ उचलला. ह्यायनं धावत जाऊन तिचं मनगट धरलं. झालं! देवाचा अपमान केला, बाईच्या अंगाले हात लावला, एकच गलका उठला. सत्काराचा हार कोणी तरी रागानं फेकून मारला. कोणी तं निव्वळ जिद्दीपायी नारळ घेऊन ओट्याकडं धावलं. बुढे ओट्याले पाठ लावून, दोनी हात पसरून उभे राह्यले. "मले मारा, पण याले हात लावू नका. अन् पोलिसाले फोन लावा." मले तं वाटलं, धरणीमाय, पोटात घे.

पोलिस आले. मंग फौजेचे लोक आले. त्यायनं गोळा पाह्यला अन् म्हणले, भरलेला हाय. साऱ्या गावाले वावराच्या पल्याड काढलं. रेतीत ठेवून तो नाल्यात नेला, अन् तिथं उडवला.

पायाखालची जमीन हालली. शाळेच्या काचा फुटल्या. गोठ्यातली ढोरं दावे तोडून पळाली. जिजाबाई मटकन खाली बसली अन् आपला उजवा हात पाहतच राह्यली. मले रडू फुटलं. सारे जण आले, पाया पडले, कैलासनं तं डोकंच ठेवलं ह्यायच्या पायावर. मले वाटलं, सुटलो. इडापिडा टळली.

कसची टळते! पोलिसायनं भंगारवाल्याले आणलं. तो रडतच होता. म्हणला, "साहेब, जोडी होती."

दुसरा गोळा त्यानं पहिलेच विकला होता. समुद्रपूरकडचे लोक होते, एवढंच त्याले आठवे. त्यायलेही म्हणे शहिदायसाठी ओटाच बांधाचा होता. गाव विचारलं नाई, नाव विचारलं नाई. पोलिस गावोगाव सांगत फिरले. पण सत्कारासाठी घेतलेली वस्तू भंगाराची निघाली, हे चारचौघात कबूल कोण करंल? कोणी हो म्हणलं नाई.

तवापासून बुढ्याले झोप नाई. जिथं सैनिक सत्काराचा फलक दिसला तिथं मोपेड घेऊन हजर. बोलावणं नाई, आवतण नाई! लोक म्हणत, म्हातारा सत्काराले हपापलेला हाय. मीही भांडली, "साऱ्या जिल्ह्याचा ठेका तुमीच घेतला काय?"

तवा एकदाच बोलले. "माह्या हातची पोळी खाऊन गेलेले किती तरी परत नाई आले, प्रमिला. तवा मले काही करता येत नव्हतं. आता येते, तं घरी कसा बसू?"

पंधरा ऑगस्टले मी मांगं बसून संगं गेली.

समुद्रपूरच्याच बाजूले गिरडकडचं गाव होतं. दर्ग्याची टेकडी तिथून दिसे. शाळेच्या पटांगणात पांढऱ्या कपड्यातले पोट्टे रांगेनं बसलेले, लाऊडस्पीकर लावलेला. अन् मधात ओटा. त्याच्यावर हातभर उंच, वर निमुळतं. शेंदराचे थरच्या थर चढलेले, टोक ठोकून ठोकून चेपलेलं, नारळाच्या पाण्याचे ओघळ वाळून काळे पडलेले. जोडीतला दुसरा हाच!

ह्यायचा कोट अन् मेडल पाहून माईकवाला खुश झाला. "आज आपल्यात एक माजी सैनिक आले हायेत! श्रीफळ फोडाचा मान त्यायचाच!" अन् कोणी तरी ह्यायच्या हातात नारळ दिला.

मी ओरडाले तोंड उघडलं. ह्यायनं माहा हात दाबला.

"ओरडू नको. मांगच्या वेळी काय झालं, पाह्यलं ना? गर्दी ओट्यावरच पडंल. तू पोट्टे घे अन् दूर जाय. पोलिसाले फोन लाव. मान माहा हाय, जोवर नारळ माह्या हातात हाय तोवर दुसरं कोणी फोडत नाई."

"अन् तुमी?"

"जाय म्हणलं ना."

मी मास्तरणीच्या कानात सांगतलं. बाई मोठी धीराची. पोट्ट्यायले म्हणली, "चला, प्रभातफेरी." रांग हालली. मी एका हातानं फोन कानाले लावला, दुसऱ्या हातानं सर्वात लहान पोरीले ओढत होती. जीव मात्र सारा मांगंच राह्यला होता.

वावरात जाणाऱ्या पांदणीपर्यंत लाऊडस्पीकर ऐकू येत होता. "फोडा जी, फौजीसाहेब! काऊन थांबले?" लोक टाळ्या वाजवून ओरडून राह्यले होते, फोडा, फोडा. मी एकदाच मांगं पाह्यलं. बुढे नारळ छातीशी धरून ओट्यापुढं उभे होते.