बोहारणीचं दर्शन आणि माझं

ये, अशी जवळ सरक. आणि तो मोबाईल ठेव बाजूला — म्हातारं माणूस बोलत असताना त्यावर बोट कसलं फिरवतेस? ऐक. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. पाळकसाहेबांना नाही, आमच्या ह्यांनाही नाही. ते तसेच गेले बिचारे.

कोल्हारच्या पलीकडं आमची लहानशी ख्रिस्ती मंडळी. तिथं एक बोहारीण यायला लागली — यमुना. जुन्या कपड्यांवर भांडी देणारी. दारोदार फिरणारी बाई. कुणाच्या घरात काय शिजतं, हिला ठाऊक. एका रविवारी टोपली बाहेर ठेवून ती उपासनेला येऊन बसली. अगदी मागं, चपलांपाशी. मग दर रविवारी. म्हणाली, दर्शन झालं. दुपारची बाभळीखाली टेकले होते, पांढऱ्या कपड्यातला एक माणूस आला, म्हणाला — घंटा वाजते तिथं जा, तुला जागा ठेवलीय.

मला खरं वाटलं? छे! मी म्हटलं, हिला काहीतरी पाहिजे. धान्य? घरकुल? की आमच्यातला एखादा मुलगा पोरीसाठी हेरलाय? मी तिची परीक्षाच घेतली.

"हाताला खिळ्यांचे वण होते का गं?"

"हात न्हाई पाह्यले, मावशी. पाय पाह्यले. धुळीनं भरले हुते, माझ्यावानी."

आठवडाभर मी हे हसत सांगत फिरले — देवाचे पाय मळतात का कधी!

पण हसू वरवरचं. आत काय होतं, सांगू? साठ वर्षं मी पहिल्या बाकावर बसले. उपास केले, गुडघे झिजवले. मला कधी काही दिसलं नाही. सावलीसुद्धा नाही. आणि हिला — टोपली उतरवली की दिसतो?

पाळकसाहेबांनी तिच्या बाप्तिस्म्याचा रविवार ठरवला. त्याआधीच्या बुधवारी बायकांची प्रार्थनासभा माझ्याच घरी. आमच्यात रीत अशी — कुणी साक्ष द्यायला उभी राहिली की मधे बोलायचं नाही, नंतर खोदून विचारायचं नाही. ही रीत मला चांगली ठाऊक. मी उभी राहिले. डोळे मिटले. म्हटलं, पहाटे प्रभूनं मला दाखवलं — कळपाच्या दाराशी लांडगा उभा आहे, मेंढराचं कातडं पांघरून.

दिसलं नव्हतं गं. काही म्हणजे काही दिसलं नव्हतं. नाव मी घेतलं नाही. घ्यायला कशाला हवं? सगळ्या बायका दाराशी बसलेल्या यमुनाकडं वळल्या.

मला वाटलं, ही भांडेल. शिव्या देईल — म्हणजे माझंच खरं ठरेल. तिनं काय केलं असेल? विश्वास ठेवला. माझ्यावर! बाकीच्या पांगल्यावर पुढं आली. रडत नव्हती, घाबरली होती.

"मावशी, मंग मला दिसला त्यो कोन हुता?"

एवढंच बोलायचं होतं — मी खोटं बोलले. जीभ काही जड झाली नव्हती माझी. चांगली हलत होती. मी म्हटलं, "सैतानालाही पांढरे कपडे घालता येतात, बाई."

रविवारी ती आली नाही. पाळकसाहेबांनी निरोप धाडला, तर म्हणाली, माझ्या अंगाला काय चिकटलंय कोण जाणे, तुमच्या देवळात कशाला आणू?

याला सात वर्षं झाली. तेव्हापासून मंडळीतल्या बायका मला विचारायला येतात — मुलीचं स्थळ, नवऱ्याचं ऑपरेशन — मावशी, काही दिसतंय का? आणि मी... सांगते. अजून सांगते.

त्याच वर्षी, गाव सोडून जायच्या दिवशी, यमुना दारात आली होती. आत ये म्हटलं नाही मी. तीही उंबऱ्याबाहेरच थांबली. गेवराईकडं चाललो, म्हणाली, भावाजवळ. मग पदर सारखा करून मला हात जोडले.

"तुमाला खरं दिसतं, मावशी. एकदा आमच्याकडं या, माझ्या डोक्यावर हात ठिवून परार्थना करा. लवकर या, बरं का."