कमलबाईंची गार पेटी

दिनांक ११ एप्रिल १९९२. पाथरी तालुक्यातील एका खेड्यात, माध्यमिक शिक्षक दिनकरराव यांच्या घरी, वीज असूनही फ्रिज चालला नाही आणि त्यांच्या पत्नी कमलबाई यांचे इन्सुलिन नासले. ही तक्रार येथे लिहून ठेवली आहे, कारण गावात ती ऐकणाऱ्या प्रत्येकाने मान डोलावली आणि केले कोणीच काही नाही.

फ्रिज म्हणजे हातात धरून नेण्याजोगी पेटी. कालव्याच्या कामावर तंबू ठोकून राहिलेल्या एका इंजिनिअराने बदलीच्या वेळी ती दिनकररावांना दिली होती. ती घरच्या विजेवर चाले, जीपच्या बॅटरीवरही चाले. मात्र वीज कमी पडली की तिच्या कडेचा लाल दिवा लागे आणि पेटी गप्प होई. कमलबाईंना रोज इन्सुलिन टोचून घ्यावे लागे. परभणीच्या डॉक्टरांनी बजावले होते, "उन्हाळ्यात बाटली बाहेर ठेवाल, तर पाणी टोचल्यासारखंच." पत्र्याच्या छपराखाली, त्या पेटीवाचून, कमलबाईंना स्वतःच्या घरात उन्हाळा काढणे शक्य नव्हते.

मार्च सरता सरता लाल दिवा लागू लागला. दिनकररावांनी प्लग बदलला, वायर बदलली, पेटीच्या मागची धूळ दात घासायच्या जुन्या ब्रशाने काढली. बॅटरी जोडून पाहिली, पण घरच्या अशक्त विजेवर ती पुरती भरेचना. अखेर पेटी मांडीवर घेऊन ते एस.टी.ने पाथरीला गेले. वाटेवरच्या भिंती विद्यापीठाच्या नामांतराच्या बाजूने आणि विरोधात रंगवलेल्या होत्या. त्यांचे लक्ष मांडीवरून हलले नाही.

चंद्रभान मिस्त्रीने आपल्या दुकानात प्लग लावला आणि पेटी मांजरासारखी गुरगुरू लागली.

"गुरुजी, हिला कायबी झालं न्हाई. लय इमानदार मशीन हाय."

"मग घरी का चालत नाही?"

"आता ते मला काय माहीत? तुमच्यावर रुसली आसंल!"

बाकावरची मंडळी हसली. दिनकरराव पेटी घेऊन परतले. संध्याकाळी लाल दिवा. पुढच्या आठवड्यात पुन्हा पाथरी, पुन्हा गुरगुर, आणि घरी पुन्हा लाल दिवा.

"हिची जेवढी उस्तवार करता तेवढी माझी केली असती, तर माझी साखर केव्हाच उतरली असती," कमलबाई म्हणाल्या. बाटली त्यांनी ओल्या वाळूच्या मडक्यात ठेवली होती. पण वाळू दुपारपर्यंत कोमट होई.

एका संध्याकाळी पेटीसमोर बसले असता दिनकररावांची नजर वर गेली. बल्ब निखाऱ्यासारखा तांबडा होता. तोच शेतांकडच्या लायनीचा फ्यूज उडून शिवारातून येणारी मोटारींची घरघर अचानक थांबली, बल्ब पांढराशुभ्र झाला, लाल दिवा विझला आणि पेटी चालू लागली. थोड्या वेळाने घरघर पुन्हा सुरू झाली, आणि पेटी पुन्हा गप्प.

दुखणे पेटीत नव्हतेच. शेतीची वीज दुपारी येई, आणि तेव्हा मोटारींपुढे घरात दिवाही धड लागत नसे. संध्याकाळची वीज घरांपुरती असे आणि पेटीची सारी भिस्त तिच्यावर होती. परंतु विहिरीवर कंडेन्सर बसवला, की त्या तुटपुंज्या विजेवरही मोटार ओढता येते. गावातल्या विहिरी तेच करीत होत्या.

दिनकररावांनी मारुतीच्या देवळात सगळ्यांना बोलावले आणि बेलभंडारा उचलायला लावला. बेल आणि भंडारा हातात घेऊन दिलेला शब्द या गावात कोणी मोडत नाही. दिवेलागणीनंतर कोणीही मोटार चालू करणार नाही, असे ठरले. बेलभंडारा सर्वांत आधी उचलला तो त्यांच्या धाकट्या भावाने, भुजंगाने.

दुसऱ्या संध्याकाळी बल्ब पुन्हा तांबडा. दिनकरराव तडक भुजंगाच्या विहिरीवर गेले. मोटार चालू होती आणि भुजंग बाभळीखाली बाजेवर आडवा झाला होता.

"भुजंगा, बेलभंडारा उचललास ना?"

"उचलला की, दादा. म्हणून तर हितं पडून हाय. बटनाला हात लावला आसंल तर हात झडू दे माझा."

"मग मोटार चालू कोणी केली?"

"आटोनं."

आटो म्हणजे वीज येताच मोटार आपोआप चालू करणारी डबी. ती प्रत्येक विहिरीवर होती, आणि देवळात तिची आठवण कोणालाही झाली नव्हती, दिनकररावांनाही नाही.

"आत्ताच्या आत्ता काढ ती."

"काढतो की. पण लिंबाजीनं काढली का? का माझाच भुईमूग वाळू द्यायचा?"

शेजारच्या विहिरीवरचा लिंबाजी म्हणाला, "गुरुजी, आधी सख्ख्या भावाचं बघा, मग आमच्या बांधावर या." त्याच्या पलीकडच्या आश्रुबाने लिंबाजीकडे बोट दाखवले. दिनकरराव बांधाबांधाने फिरून पुन्हा भुजंगाच्या बाजेपाशी आले. शपथ कोणी मोडली नव्हती. खोटेही कोणी बोलले नव्हते. मोटारी चालू होत्या.

अकरा तारखेला कमलबाईंनी बाटली उजेडात धरली. औषधात पांढरे कण तरंगत होते.

"हीच टोचू का हो?"

दिनकररावांनी बाटली त्यांच्या हातून काढून घेतली. दुसरी बाटली गावात नव्हती. दुपारी कमलबाईंना गरगरू लागले. निरोप मिळताच त्यांचे बंधू अण्णासाहेब परभणीहून जीप घेऊन आले आणि त्यांना आपल्या घरी घेऊन गेले. पेटीही सोबत गेली. तेथे ती सुरळीत चालते.

जीपमध्ये बसताना कमलबाई म्हणाल्या, "पेटी बिघडली नव्हती हो. उगाच बोलले मी तिला." मग म्हणाल्या, "मी परत केव्हा येऊ?"

दिनकररावांची नोकरी येथे, शेत येथे, भाऊ येथे. बदलीचा अर्ज नामंजूर होऊन आला आहे. संध्याकाळी ते तांबड्या बल्बाखाली बसतात आणि शिवारातली घरघर ऐकतात. भावाची मोटार त्यांना आवाजावरून ओळखू येते.

वाचकहो, तुमच्यापैकी ज्यांच्या विहिरीवर आटो असेल, त्यांनी तो आज स्वतःच्या हाताने काढावा. शेजाऱ्याने काढला की नाही, हे पाहू नये. घरांपुरती वीज घरांना राहू द्यावी. कमलबाईंना घरी यायचे आहे.