पत्रकातून खोडलेली ओळ

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आईला नाही, संघटनेतल्या मित्रांना तर नाहीच. आणि आता सांगायला बसलोय, तर सुरुवात कुठून करावी तेच समजत नाही. पोटापासून करू? की पत्रकापासून?

पत्रकापासून करतो, ते सोपं आहे. माझे वडील कामगार संघटनेत होते. कासारवाडीच्या आमच्या दोन खोल्यांत पत्रकांचे गठ्ठे पडलेले असायचे. त्यांच्या कोऱ्या बाजूवर मी मुळाक्षरं गिरवली. माणूस म्हणजे मशीन नव्हे, हे वाक्य मला बाराखडीच्या आधी पाठ होतं. मोठा झालो तसा पत्रकं मीच लिहू लागलो. जळजळीत लिहितोस, असं लोक म्हणतात. मला ते आवडतं — आवडायचं.

आता पोट. जन्मलो तेव्हा माझ्या मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात मज्जातंतूच नव्हते, त्यामुळे शौच पुढे सरकायचं नाही. तान्हेपणी ऑपरेशनं झाली, काही महिने पोटावर पिशवी होती. लोकांना वाटतं, लहानपणी ऑपरेशन झालं म्हणजे सुटला. सुटत नाही. आजही सकाळचा तासभर संडासात जातो. पहिल्या शिफ्टला मी उपाशीच निघतो. बॅगेत जास्तीची पँट असते. लागल्याचं कळतं, पण मग वेळ फार थोडा उरतो. कधी कधी कळतच नाही. मग तो वास. त्या वासाला मी जेवढा घाबरतो, तेवढा कुठल्याच साहेबाला घाबरलो नाही.

चाकणला आमच्या कंपनीत गाड्यांच्या सीट बनतात. लाइनवरच्या माणसाला जागा सोडायची असेल तर हात वर करायचा, आणि बदली माणूस — त्याला रिलीव्हर म्हणतात — येईपर्यंत काम चालू ठेवायचं. दहा मिनिटं, कधी वीस. मी तपासणीत आहे, मला हात वर करावा लागत नाही. ती जागा मी मुद्दाम मागून घेतली होती. का, ते कुणालाच सांगितलं नाही.

मंगेश लाइनवर होता. लातूरकडचा, ट्रेनी, दिघीत चौघांच्या खोलीत राहायचा. एकदा कपडे बदलताना त्यानं माझ्या पोटावर डावीकडे असलेला व्रण पाहिला, आणि स्वतःचा शर्ट वर केला. तिथेच, तसाच व्रण.

"भावा, तुला बी? मला वाटायचं आख्ख्या जगात मी एकलाच हाय."

मी म्हणालो, "अपेंडिक्सचं आहे."

अपेंडिक्स उजवीकडे असतं. त्याला ते माहीत होतं. तो नुसता "बरं" म्हणाला आणि शर्ट खाली केला.

ते खोटं छोटं होतं. म्हणजे — होतं का?

पुढे आम्ही मागण्यांचं पत्रक तयार करत होतो. मंगेश माझ्याकडे आला. म्हणाला, एक ओळ टाक: रिलीव्हरची वाट न बघता, कारण न सांगता, लाइन सोडता आली पाहिजे. एवढ्या जणांतून तो माझ्याकडेच का आला, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. मी ओळ लिहिली. चांगली लिहिली.

छापण्याआधी बैठकीत वाचून दाखवलं. वीसेक जण होते, मंगेश मागे दाराशी उभा. ती ओळ आली तसे संघटनेतले जुने शिंदेभाऊ हसले. "आता संडासासाठी बी लढा व्हय? कुणाचं पोट एवढं बिघडलंय राव?"

"लिहिणाऱ्याचंच असंल!" कुणीतरी म्हणालं.

सगळे हसले आणि माझ्याकडे बघू लागले. थट्टाच होती. मला उत्तर देता आलं असतं — मधुमेहवाल्यांचं, बायांच्या अडचणींचं, कितीतरी. शब्द मला कधी कमी पडले होते? मी म्हणालो, "माझं नाही. मंगेशचं आहे. त्याला जन्मापासून त्रास आहे. झालेलं त्याला कळतसुद्धा नाही."

शेवटचं वाक्य कुणी विचारलंही नव्हतं. ते मी का जोडलं? मी इतक्या वेळा स्वतःला विचारलंय, आणि दर वेळी वेगळं उत्तर येतं. भीती. लाज. कधी वाटतं राग — त्यानं मला ओळखलं याचा राग. मग ती ओळ मी माझ्याच पेनानं खोडली. बाकीच्या मागण्या मजबूत राहाव्यात म्हणून, असं बोललोही. आणि बोलताना मला ते खरं वाटत होतं! ते कसं काय?

आठवड्याभरात मंगेशचं नाव 'लीकेज' पडलं. डब्याच्या वेळी त्याच्या शेजारी कुणी बसेना. मीही बसलो नाही. तीच माणसं एरवी कुणाचं बोट कापलं तर आधी धावणारी. मी त्यांना वाईट म्हणू शकत नाही. मग मला काय म्हणू?

गोष्ट सुपरवायझरपर्यंत गेली. तो लाइनवर आला आणि सगळ्यांसमोर मंगेशला म्हणाला, "असे अजून किती आहेत? आत्ताच सांगा, मला लाइन थांबलेली चालणार नाही."

मी तीन पावलांवर उभा होतो, हातात तपासणीचा कागद घेऊन. मंगेशनं माझ्याकडे पाहिलं नाही. मान खाली घालूनच म्हणाला, "न्हाई साहेब. मी एकलाच हाय."

महिनाअखेरीस त्याची ट्रेनीची मुदत वाढवली नाही. तो कुठे गेला मी विचारलं नाही. त्यानंतरही मी पत्रकं लिहिली, माणसाच्या इज्जतीवर लिहिली, लोकांनी ती वाचली.

मंगेश त्या दिवशी सुपरवायझरशी खोटं बोलला. आम्ही दोघं होतो.