खिडकीकडची बाकं

भिंतीपलीकडे सातवी ‘ब’ हसली, की अलीकडे गणिताच्या बाईंच्या पोटात दुखायचं. गणिताच्या तासाला मुलं हसतात म्हणजे काय! आणि शिकवणारी कोण, तर शाळेत नवीच लागलेली, बाईंचीच जुनी विद्यार्थिनी. “मीच घडवली हो हिला,” असं बाई स्टाफरूममध्ये कौतुकाने सांगायच्या आणि आतून जळून खाक व्हायच्या. सातवीचे दोन्ही वर्ग वर्षानुवर्षं त्यांचे. ‘ब’ तर नवीकडे गेलाच होता, आता ‘अ’सुद्धा तिलाच द्यावा असं हेडसरांच्या मनात घोळत होतं. ‘अ’ गेला की बाईंकडे उरणार होती पाचवीची पाढे घोकणारी पोरं.

नवीची तऱ्हाच निराळी. तास संपत आला की म्हणायची, “आपापलं ठरवा आणि जागा बदला.” ज्यांना कळलं ते खिडकीकडे, अर्धवट कळलं ते मधे, नाही कळलं ते फळ्याजवळ. मग खिडकीकडचे उठून फळ्याजवळच्यांना समजावणार. पोरं खुशाल “मला ओ की ठो कळलं नाही” म्हणत पुढे जाऊन बसायची, लाज ना शरम!

“हात्तिच्या, यात काय मोठंसं?” बाई मनाशी म्हणाल्या. हेडसर ‘अ’चा तास बघायला आले, त्या दिवशी बाईंनीही तासाच्या शेवटी तेच फर्मान सोडलं. बाकं खडखडली आणि अख्खा वर्ग खिडकीकडे! फळ्याजवळ चिटपाखरू नाही. बाईंनी ऐटीत हेडसरांकडे पाहिलं, की बघा.

हेडसरांनी एकाला उठवून साधी बेरीज घातली, दोन अपूर्णांकांची. त्याला येईना. दुसरीलाही येईना. तिसरा तर बाईंकडे बघून रडायचाच बाकी राहिला.

“मग इथे कशाला बसलात रे?” हेडसरांनी विचारलं. अख्ख्या वर्गाने बाईंकडे पाहिलं.

‘अ’ गेला.

मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये नवी आपणहून बाईंजवळ आली. “बाई, रागावलात माझ्यावर?”

“मी कशाला रागावू? ही युक्ती कुठे शिकलीस तेवढं सांग. एखादा कोर्स केलास वाटतं?”

“कोर्स कसला, बाई! तुमच्याच वर्गात सुचली.”

इतक्या दिवसांत पहिल्यांदाच बाईंच्या काळजाला गारवा मिळाला. स्टाफरूममधल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्या म्हणाल्या, “अगं मग सांग ना, कशी ते!”

नवी मोकळेपणी सांगू लागली. “सातवीत मला अपूर्णांक कळलेच नव्हते. वर्षभर शेजारणीचं बघून लिहिलं. रोज वाटायचं, कुणाला कळलं नाही असं बाईंनी एकदा विचारावं, आणि मला सांगायची भीती वाटू नये.”

“मग तेव्हाच सांगायला काय धाड भरली होती?” बाई कडाडल्या.

नवीचा चेहरा पार उतरला. ती ताठ उभी राहिली, हात मागे बांधले आणि खाली बघत म्हणाली, “चुकलं, बाई.”