साडूंनी बुजवलेला खड्डा

आपण सगळे जमिनीवर चालून आयुष्य काढतो आणि खाली काय आहे याचा विचार करत नाही. माझ्या साडूंनी दुसरा कसलाच विचार केलेला नाही. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. सरकारी खात्यात मातीची पाहणी करण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. वर्ध्याजवळ पिपरी मेघेला घर बांधायला काढलं तेव्हा पायाचा खड्डा त्यांनी गवंड्याला पंधरा दिवस भरू दिला नाही, कारण "इतका सुंदर छेद पुन्हा पाह्यले मिळणार नाई." गवंडी कंटाळून दुसऱ्या कामावर निघून गेला. ताईंनी, म्हणजे माझ्या मेव्हणीनं, ते वर्ष भाड्याच्या दोन खोल्यांत काढलं आणि साडू रोज सकाळी चहाचा कप घेऊन त्या खड्ड्यात उतरत राहिले.

माणूस दारात आला की आपण त्याच्या तोंडाकडे बघतो, साडू चपलांकडे बघतात. तळाची माती नखानं काढायची, थुंकी लावून चिमटीत चोळायची, अगदीच शंका आली तर जिभेला लावायची, आणि पाहुणा कुठून आला ते पाहुण्यालाच सांगायचं. एकदा मी बँकेत हयातीचा दाखला द्यायला जातो असं घरी सांगून मित्रांबरोबर हिंगणीकडे बोर धरणाची मासळी खायला गेलो होतो. नालवाडीला घरी परतलो तर हे गृहस्थ ओट्यावर बसलेले. माझी चप्पल उचलून बायकोसमोर म्हणाले, "ही तांबडी बरड आहे. वर्ध्यात एकाही बँकेसमोर ही माती नाई." त्यांच्या मनात चहाडी मुळीच नव्हती. मातीबद्दल चुकीची माहिती कानावर पडली, ती त्यांनी दुरुस्त केली, इतकंच. पुढचे आठ दिवस भाजी कुठली करू असं मला घरात कोणी विचारलं नाही.

खिशात पेनाच्या जागी त्यांच्याकडे पातळ अॅसिडची छोटी बाटली असते. मातीवर थेंब टाकला आणि फसफसलं की चुना आहे असं समजायचं. हा थेंब त्यांनी आमच्या दिवाणखान्यातल्या कोऱ्या संगमरवरी फरशीवर टाकला. फसफसलं. त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद मी विसरणार नाही, आणि तो डाग बायको मला विसरू देत नाही. ताईंनी मळलेली कणीकही यातून सुटत नाही. ते ती अंगठ्यानं दाबत दाबत तिची पट्टी काढतात, पट्टी किती लांब जाऊन तुटते ते बघतात आणि "आज चिकण जास्त आहे" असा शेरा देतात. ताईंचं उत्तर ठरलेलं आहे, "मग तुमचं ताट खड्ड्यातच वाढत जाईन."

आमच्याकडे जुने लोक जमिनीला काळी, मोरंड, खरडी आणि बरडी म्हणत आले. काळी सगळ्यात खोल, मोरंड आणि खरडी तिच्याहून उथळ होत जाणाऱ्या. बरडी म्हणजे वीतभर माती आणि खाली मुरूम. साडूंनी आमचं सगळं गणगोत या चार वर्गांत बसवून टाकलं आहे. ताई काळी. "भिजली की पाय निघत नाई, वाळली की भेगा पडतात, पण पीक तिच्याच भरोशावर." हे कौतुक समजायचं की तक्रार, हे ताईंना इतक्या वर्षांत ठरवता आलेलं नाही. मी खरडी. "वरून बरी दिसते. फार खोल जायचं नाई," असं ते माझ्या जावयाला सांगत होते.

दुसऱ्यानं खणलेला खड्डा असला तरी तो बुजवण्यावर त्यांचं लक्ष असतं. आमच्या अंगणात नळाचा पाइप फुटला तेव्हा त्यांनी प्लंबरकडून वरची, मधली आणि खालची माती तीन वेगवेगळ्या पोत्यांवर काढून घेतली. बुजवताना खालची खाली, वरची वर. "जी जिथं होती तिले तिथंच ठेवजो," असं प्लंबरच्या डोक्याशी उभं राहून सांगत होते. तो प्लंबर आता आमचा फोन उचलत नाही.

हे सगळं एक वेळ चाललं असतं. पण या माणसाच्या तोंडून "माझं चुकलं" हे दोन शब्द कधी कोणी ऐकलेले नव्हते. भाच्याच्या लग्नाला म्हणून ते भलत्याच मंगल कार्यालयात गेले, आहेर दिला, दोनदा वडा-भात मागून घेतला आणि घरी येऊन म्हणाले, "मी बरोबर पोचलो होतो. लग्न त्यांनी दुसरीकडं लावलं." ताई म्हणायच्या, यांच्या तोंडून तेवढं एकदा ऐकलं की मी सुखानं डोळे मिटीन.

दोन वर्षांपूर्वी हिंगणीच्या पलीकडच्या एका गावातून साडूंना फोन आला. तिथं टेकडीच्या पायथ्याशी गावाची ई-क्लास जमीन आहे, म्हणजे गुरांच्या चराईचं रान. तो उतार मुरमाच्या खदानीला द्यायचा ठराव ग्रामसभेपुढे होता आणि कागदांना साडूंनी नोकरीच्या पहिल्या वर्षी केलेला नकाशा जोडला होता. त्यात त्या उतारावर त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं: बरडी, उथळ, चराईस निरुपयोगी. "साहेब, तुमची सही हाये. या अन् फक्त हो म्हना," असं ठराव मांडणारे गृहस्थ म्हणाले. साडू फुलून गेले. आपला नकाशा अजून कोणीतरी उघडतो या आनंदात त्या दिवशी त्यांनी कोणाची चप्पल तपासली नाही. पण खड्डा बघितल्याशिवाय हो म्हणायचं नाही ही त्यांची शिस्त. सभा दुपारी होती. सकाळीच कुदळ, फावडं आणि मला स्कूटरवर घालून ते निघाले.

उताराच्या मधोमध, कमरेएवढ्या गवतात त्यांनी खणायला सुरुवात केली. मी सावलीतून सूचना करत होतो. वीतभर खाली मुरूम लागायला हवा होता, तो लागेना. गुडघाभर झालं, मांडीएवढं झालं, तरी तपकिरी भुसभुशीत माती आणि तिच्यात गवताची मुळं. साडू खड्ड्यात उभे राहून मातीचा रंग जुळवायचं आपलं नमुन्यांचं पुस्तक पुन्हा पुन्हा मातीला लावून बघत होते. तेवढ्यात पांढऱ्या गवळाऊ गाई घेऊन एक म्हातारी बाई वर आली. काठी टेकून तिनं आधी खड्ड्यात आणि मग साडूंकडे बघितलं.

"वळखलं का साहेब? तवा तुमी खाली गाडरस्त्यापाशी खोदत होते, मोहाच्या झाडाच्या सावलीत. मी नवी नवरी होती. पानी दिलतं तुमाले."

साडूंनी खाली गाडरस्त्याकडे बघितलं.

"मी म्हनलं होतं, गवत वर हाये अन् तुमी खाली काऊन खोदून राह्यले? तुमी म्हनले, माती तुले समजते का मले?"

गाडरस्त्यापाशी चाकांनी माती केव्हाच उडून जाऊन मुरूम उघडा पडलेला. उन्हाचा कडाका, मोहाची सावली, आणि त्या एका खड्ड्यावरून तरण्या साहेबांनी सगळ्या उताराचा निकाल लावून टाकलेला. "खदान झाली तर गाई कुठं नेऊ?" बाईनं विचारलं. तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून मलाच खाली बघावं लागलं. साडूंनी पुस्तक मिटलं. "तुमाले समजत होतं, बाई," म्हणाले, आणि खड्ड्यातून वर यायला त्यांनी माझा हात मागितला.

ग्रामसभेत ते मांडीपर्यंत मातीनं माखलेले तसेच उभे राहिले. मुळांसकट एक ढेकूळ त्यांनी टेबलावर ठेवलं. "हा नकाशा माझा आहे, सही माझी आहे. अन् या उताराबद्दल माझं चुकलं. मी सावली पाहून खड्डा खोदला." हे दुसरंच कोणी बोललं की काय म्हणून मी मागे वळून बघितलं. कोणीतरी म्हणालं, "मग साहेब, काय हाये ते आता लिहून द्या." त्यांनी नकाशाखाली लिहून दिलं: मोरंड, मांडीएवढी खोल, चराईस उत्तम. सही केली. विरोधात हात वर झाले आणि ठराव पडला. ज्यांनी फोन करून बोलावलं होतं त्यांनी आम्हाला चहाचं विचारलं नाही. साडूंचं तिकडे लक्षच नव्हतं. त्यांना खड्डा बुजवायची घाई होती. खालची माती खाली, मधली मध्ये, वरची वर, आणि सगळ्यात वर जपून ठेवलेले गवताचे थर. बाईनं आपल्या कॅनमधलं पाणी त्यावर ओतलं.

घरी येऊन मी ताईंना सगळं सांगितलं. त्यांनी विश्वास ठेवला नाही. "तुमी बँकेचंही असंच सांगता," म्हणाल्या.

त्यानंतर साडूंचे गुडघे गेले. डॉक्टरांनी चढ-उतार बंद केला आणि ताईंनी टेकडीचं नावही काढायचं नाही असं बजावलं. तरी यंदा पोळा झाल्यावर, ताईंना न सांगता, मी त्यांना त्या रानात घेऊन गेलो. अर्धा तास ते काठीनं गवत बाजूला करत खड्डा शोधत होते. सापडला नाही. बाई गाईंमागून आली, तिनंही शोधला. "मले बी नाई सापडत," म्हणाली. साडू तिथंच गवतात बसले आणि असे हसले की गाई माना वर करून बघायला लागल्या. उतरताना मात्र पावलापावलाला त्यांचा हात माझ्या खांद्यावर होता. स्कूटरपाशी आल्यावर म्हणाले, "घरी गेल्यावर माझी कुदळ तुमच्याकडं घेऊन जा. आता मले खाली उतरता येत नाई." मला फार वाईट वाटलं. जन्मभर मी या माणसाची टिंगल केली. त्या क्षणी त्यांनी सांगितलं असतं तर मी दहा खड्डे खणून दिले असते.

पिपरी मेघेला पोचलो तर ताई दारातच उभ्या. "कुठं गेलते?"

"बँकेत," मी सवयीनं म्हणालो.

ताईंनी आमच्या चपलांकडे बघितलं. इतक्या वर्षांत त्याही शिकल्या होत्या. मी पुढचं खोटं जुळवत होतो तेवढ्यात साडूंनी भिंतीला हात टेकला.

"टेकडीवर गेलतो. तू नको म्हनलं होतं. माझं चुकलं."

ताईंनी आमच्या दोघांकडे आळीपाळीनं बघितलं आणि आत गेल्या. बराच वेळ स्वयंपाकघरातून नुसता नळाचा आवाज येत होता. मग चहा आला. त्यात साखर घालायला त्या विसरल्या होत्या. आम्ही दोघांनी तो तसाच प्यायला.