साहेबांच्या गाडीतली खरखर

माझे वडील निघोज्याच्या एका कारखान्याच्या मालकांची गाडी चालवतात. त्या गाडीचं दार लावलं की बाहेरचं जग बंद होतं. चाकणच्या चौकात शेजारून भलेमोठे ट्रेलर जातात आणि आत फक्त एसीची सुरसुर. साहेब सकाळी प्राधिकरण भागातल्या घरून निघाले की कंपनीच्या गेटपर्यंत डोळे मिटून तबला ऐकतात. वडिलांना तबल्यातलं काही कळत नाही. पण घरी येऊन ते सांगायचे, "डग्ग्याचा आवाज थेट पोटात येतो बघ." तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर असं काही असायचं की जणू तो डग्गा त्यांचाच आहे.

मागच्या हिवाळ्यात त्या डग्ग्याला खरखर लागली.

आधी अधूनमधून, मग रोज. साहेबांनी गाडी सर्व्हिस सेंटरला पाठवली. तिथे चारही दारं उघडून स्पीकर पाहिले, कुठल्याशा क्लिपा बदलल्या. खरखर तशीच. दुसऱ्यांदा नेली तेव्हा तिथल्या माणसाने साहेबांना फोनवर सांगितलं की, मोठ्या आवाजात गाणी लावली की असं होतं, गाडी कुणाच्या हातात असते ते बघा.

गाडी वडिलांच्या हातात असते.

साहेब चिडले नाहीत. ते चिडले असते तर बरं झालं असतं, असं वडील नंतर म्हणाले. साहेब मागच्या सीटवरून हळूच म्हणाले, "मामा, गाणी ऐका तुम्ही, माझी काही हरकत नाही. फक्त आवाज जरा बेतात ठेवा."

वडील "हो साहेब" म्हणाले. खरी गोष्ट अशी होती की एकटे असताना त्यांनी त्या गाडीत कधी काही लावलंच नव्हतं. विमानतळाच्या पार्किंगमध्ये ते बाहेर कट्ट्यावर बसून, मोबाईल कानाला लावून भजन ऐकायचे. बाकीचे ड्रायव्हर त्यांची थट्टा करायचे. "भाऊ, बुडाखाली थेटर हाय अन् तू पाच रुपयाच्या पिपाणीत ऐकतोस व्हय?" वडील हसायचे. "सायबाचं हाय ते," म्हणायचे.

त्या दिवशी घरी येऊन ते जेवले नाहीत. आईने विचारलं तेव्हा म्हणाले, "इतकी वर्षं झाली. कधी एका पैशाचा इषय न्हाई. अन् आता गाण्यावरनं." मला कळलं की त्यांना नोकरीची भीती नव्हती. साहेबांनी काढलं नसतंच. पण गाडीत बसताना साहेब आता आपल्याकडे संशयाच्या नजरेने बघतील, हे त्यांना सहन होत नव्हतं.

मी इलेक्ट्रॉनिक्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मीच पहिली, त्यामुळे मिक्सर बिघडला तरी सगळे माझ्याकडे बघतात आणि मला बहुतेक वेळा काही कळत नाही. पण त्या सहामाहीत आम्हाला ध्वनीच्या लहरी शिकवत होते. मी घाबरत घाबरत म्हटलं, "पप्पा, मी बघू का एकदा?"

साहेब परगावी असले की रविवारी वडील गाडी धुवायला मोशीला, आमच्या दारात आणतात. त्याला साहेबांची पूर्वीपासून परवानगी आहे. दसऱ्यालाही सकाळी गाडी आधी आमच्याकडे यायची, मग साहेबांकडे. आई तिची पूजा करायची. चाकाखाली लिंबं, बोनेटवर स्वस्तिक, झेंडूचा हार, हे सगळे करतात. पण आई पुढचं दार उघडून आतही ओवाळायची आणि काचेखाली, स्टेअरिंगच्या पुढे अक्षता वाहायची. "माणूस आत बसतंय, बाहेरनं पूजा करून काय उपेग," असं तिचं म्हणणं. त्यासाठी ती आदल्या दिवशी तांदूळ निवडायची. एकही तुटका चालायचा नाही. आणि वाहिलेल्या अक्षता हाताने झटकायच्या नाहीत, फडका मारायचा नाही, हा तिचा नियम. त्या आपोआप जातात. गेल्या म्हणजे देवाला पोचल्या. वडील, जे त्या गाडीवर धुळीचा कण राहू देत नाहीत, ते दसऱ्यानंतर काही दिवस डॅशबोर्ड पुसायचे नाहीत. आणि खरंच, थोड्या दिवसांनी तिथे एकही अक्षता नसायची.

त्या रविवारी मी फोन घेऊन पुढच्या सीटवर बसले. वडिलांनी आधी साहेबांना फोन लावला. "साहेब, मुलगी जरा आवाज तपासून बघते म्हणते. गाडीतलं लावलं तर चालंल का?" पलीकडून साहेब हसल्याचं मला ऐकू आलं. "अहो मामा, लावा की. विचारायचं काय त्यात."

मी फोनमधून एकसारखा खालचा सूर सोडला आणि तो हळूहळू वर नेत गेले. गाडी घुमायला लागली. गल्लीतली दोन पोरं जवळ येऊन काचेला नाक लावून उभी राहिली, वडिलांनी त्यांना हाकललं. एका जागी खरखर सुरू झाली. मी दारांना हात लावून पाहिला, तिथे काही नव्हतं. मग समोर काचेखालच्या जाळीवर तळवा ठेवला. जाळीखाली काहीतरी तडतडत होतं. दारांच्या नादात इथलं झाकण कुणी उघडलंच नव्हतं.

"हिथं पण असतो व्हय स्पीकर?" वडील म्हणाले.

सर्व्हिस सेंटरवाले दारांची आतली झाकणं कशी काढतात ते वडिलांनी पाहिलं होतं. त्यांनी प्लास्टिकची पट्टी घालून, श्वास रोखून जाळी उचलली. मी सूर चालूच ठेवला होता.

स्पीकरच्या काळ्या पडद्यावर तांदूळ नाचत होते.

जाळीच्या कडेला बारीक फट होती. डॅशबोर्डचा उतार, चाकणच्या रस्त्याचे धक्के, त्यामुळे एकेक दाणा घरंगळत तिथून आत गेला असणार. काही अजून गुलाबी होते, काही पार पांढरट पडलेले. म्हणजे एका दसऱ्याच्या नव्हत्या त्या अक्षता. एकही दाणा तुटलेला नव्हता.

मी आवाज बंद केला. माझ्यामागे आई चहाचे कप घेऊन उभी होती, हे मला तेव्हा दिसलं. ती वाकून आत बघत होती. मला अजून वाटतं, ती थोडी उशिरा बाहेर आली असती तर आम्ही दोघांनी ते दाणे गोळा केले असते आणि तिला काहीतरी दुसरं सांगितलं असतं. पण ती उभी होती.

"म्हंजे हितंच व्हत्या," ती म्हणाली. आणि मग, "पोचल्याच न्हाईत."

कॉलेजात शिकवतात त्यातलं काहीच तिथे कामाचं नव्हतं.

वडिलांनी एकेक दाणा चिमटीने उचलून रुमालात ठेवला. जाळी बसवली. मग म्हणाले, "क्लिप सैल व्हती म्हनून सांगतो साहेबांना. झालं."

"नगं," आई म्हणाली. "हाय तेच सांगा. तुमच्यावरचा आळ तर जाईल."

"अन् तुझं?"

"माझं काय." ती कप बोनेटवर ठेवणार होती, ते तसेच परत आत घेऊन गेली.

सोमवारी वडिलांनी रुमाल उघडून साहेबांना दाखवला. साहेबांनी तबला लावला, डग्गा नीट वाजला. त्यांनी वडिलांच्या खांद्यावर हात ठेवला. "सॉरी मामा, मी उगाच बोललो तुम्हाला." वडील घरी आले ते वेगळाच माणूस होऊन आले. ताटात वाढलेलं सगळं जेवले. साहेब सॉरी म्हणाले, हे त्यांनी आईला दोनदा सांगितलं. रुमालातले दाणे आईने तुळशीत घातले. मला वाटलं, संपलं.

पण साहेबांना ती गोष्ट फार आवडली होती. त्यांनी ती घरी सांगितली, ऑफिसात सांगितली, पाहुण्यांना गाडीत बसवून सांगितली. वाईट हेतूने नाही. वडीलही पुढे बसून हसायचे. कंपनीच्या गेटवरचा वॉचमन त्यांना विचारायचा, "काय मामा, आज पुलाव शिजला का डॅशबोर्डात?" हे वडिलांनी आम्हाला हसतहसत सांगितलं, एकदाच. आई हसली नाही, तेव्हापासून ते सांगायचे बंद झाले.

यंदा दसऱ्याच्या आधी साहेब म्हणाले, "मामा, या वर्षी सगळ्या गाड्यांची पूजा कंपनीतच करू. गुरुजी येणारच आहेत मशीनसाठी. घरी न्यायचा त्रास नको वहिनींना." वडील "हो साहेब" म्हणाले. आईला त्यांनी हे आदल्या दिवशी संध्याकाळी सांगितलं. ती तेव्हा उंबऱ्यात बसून तांदूळ निवडत होती. ती निवडत राहिली.

गाडी आदल्या रात्रीच कंपनीत ठेवलेली होती, म्हणून दसऱ्याच्या सकाळी वडील लवकर कंपनीच्या बसने गेले. आमच्या दारात त्यांची जुनी स्कूटर तेवढी उभी होती. आईने तिला झेंडूचा हार घातला, चाकाखाली लिंबं ठेवली, ओवाळलं, सीटवर अक्षता वाहिल्या. मी शेजारी ताट धरून उभी होते. पूजा नीट झाली, काही राहिलं नाही. मग आत जाता जाता ती वळली, स्कूटरपाशी परत आली, आणि पदराच्या टोकाने त्या सगळ्या अक्षता खाली झटकून टाकल्या.