गॅसचा शेवटचा ठिपका

अंधेरीच्या हॉस्पिटलमधून बाबांना दुपारी अचानक घरी सोडलं. खुब्याचं ऑपरेशन झालेलं. त्यांना पुढच्या सीटवर टेकवेपर्यंत त्यांच्याच नाही, माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. गाडी सुरू केली आणि पाहिलं, तर मीटरवर गॅसचा एकच ठिपका उरलेला. पेट्रोल तर नावालाच.

सीएनजी भरताना सगळ्यांना गाडीतून उतरावं लागतं. बाबांना पुन्हा उतरवायचं? शक्यच नव्हतं. शिवाय जोगेश्वरी यायच्या आत त्यांना गाढ झोप लागली, कित्येक रात्रींनंतर. म्हटलं, आहे त्या गॅसवरच दहिसर गाठायचं.

एरवी माझा हात हॉर्नवरच असतो, आणि तोंडही फारसं गप्प नसतं. त्या दिवशी एसी बंद केला, काचा खाली घेतल्या. लांबवर लाल दिवा दिसला की अॅक्सिलरेटर सोडून द्यायचा. गाडी आपली आपण घरंगळत जायची, आणि पोचेपर्यंत बऱ्याचदा दिवा हिरवा झालेला असायचा. थांबून पुन्हा पहिल्या गिअरमध्ये उठायचं म्हणजे गॅसचा चुराडा. मोठा सिग्नल लागलाच तर इंजिन बंद.

लिंक रोडवर मेट्रोच्या खांबांच्या सावल्या बाबांच्या चेहऱ्यावरून सावकाश सरकत होत्या. ऊन, सावली, ऊन. आपण कुठे चाललोय हेसुद्धा मधेच विसरायला होत होतं. मागून रिक्षावाला ओरडला, "ओ मॅडम, झोपली काय?" मी हात बाहेर काढून त्याला पुढे जा म्हणून खुणावलं. माझं मलाच नवल वाटलं.

चारकोपजवळ पंपाची रांग पार रस्त्यावर आली होती. माणसं गाड्यांबाहेर उन्हात उभी. आमचा ठिपका लुकलुकायला लागला. बाबा झोपेतच पुटपुटले, "घर इला काय गो?"

"येतंय, बाबा," मी म्हटलं. अॅक्सिलरेटरवरचा पाय आणखी हलका केला.

बिल्डिंगच्या गेटातून आत शिरले आणि इंजिन बंद केलं. आवराआवर करायला सकाळीच घरी आलेली आई धावत खाली आली. मी ओठांवर बोट ठेवलं. खिडकीशी उभी राहून ती त्यांच्या छातीचं वरखाली होणं बघत राहिली. मग हळूच मागचं दार उघडून आत बसली.

"झोपू दे जरा," म्हणाली.

थोड्या वेळानं वळून पाहिलं, तर तिचाही डोळा लागला होता. हॉस्पिटलच्या बाकड्यावर सगळ्या रात्री तिनंच काढल्या होत्या. मी कुणालाच उठवलं नाही. स्टिअरिंगवर डोकं टेकलं आणि रडले, आवाज न करता.